पाण्यात वीज होती आणि मासे पोहत होते

पाण्यात वीज उतरली आहे हे माशांकडे बघून कळत नाही. ही गोष्ट आधी सांगते, कारण भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच होता: मासे मेले नाहीत?

नाही मेले. मी पाण्यात हात घातला त्याआधी ते पोहत होते, घातल्यावरही पोहत होते, मला उचलून बाहेर नेलं तेव्हाही पोहत होते. पुढे कलबुर्गीच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. विजेला जमिनीकडे जायला वाट लागते. मासे पाण्यात तरंगतात, ते कशालाच टेकलेले नसतात. माझे पाय टेकलेले होते. अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर.

माझं काम बातम्यांचं आहे. विजेच्या धक्क्याची बातमी चार ओळींची असते. नाव, गाव, वय, कारण, आणि नोंद कोणत्या ठाण्यात झाली ते. बचावलेल्या माणसाची बातमी सहसा होत नाही, त्यामुळे बचावल्यावर काय होतं हे मला माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात माशांची काचेची पेटी आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांना असा धक्का बसून गेला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पूजेची खोली

आमचं घर बसवकल्याणला आहे. नवऱ्याचं, शिवराज यांचं, बियाण्यांचं दुकान आहे. सासऱ्यांना सगळं घर अप्पा म्हणतं. त्यांचं आयुष्य आडतीत गेलं, तुरीचे भाव मोठ्याने पुकारण्यात. सासूबाई गेल्यावर तो आवाज बंद झाला. ते जेवायचे, फिरून यायचे, विचारलेल्याला उत्तर द्यायचे. त्यापलीकडे काही नाही.

माशांची पेटी शिवराज यांनी सोलापूरहून आणली. हॉलमध्ये ठेवायची असं ठरलं होतं. अप्पांनी ती पूजेच्या खोलीत ठेवायला लावली. तिथे पूर्वेची खिडकी आहे. सकाळी अप्पा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसत. पूजा संपली की लिंग गळ्यातल्या करड्यात, म्हणजे त्याच्या छोट्या डबीत, जाई, पण अप्पा उठत नसत. ते पाण्याकडे बघत बसत. उन्हाची तिरीप पेटीतून आरपार जाऊन भिंतीवर हलायची आणि त्या हलत्या उजेडात अप्पांचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा.

त्या खोलीचे दोन नियम होते. पहिला, उंबऱ्याच्या आत चप्पल नाही. सून असो, पाहुणा असो, वायरमन असो. दुसरा, पूजा चालू असताना अप्पा कुणाशी बोलत नाहीत आणि अप्पांशी कुणी बोलायचं नाही. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत असंच आहे. पूजेआधी खोली ओल्या फडक्याने पुसायची हेही तसंच. शहाबादी फरशी पाणी धरून ठेवते. थंडीत तिच्या अंगातली ओल दुपारपर्यंत जात नाही.

आमच्याकडे थंडी चांगलीच पडते. पाणी गार झालं की एंजल मासे तळाशी जाऊन हलायचे थांबतात. म्हणून पेटीत हीटर होता. काचेची नळी, आत तार, वर छोटा लाल दिवा. दिव्याची बाजू भिंतीकडे होती.

लाइट नाही तोवर

चूक काय झाली हे सांगायचं तर आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. विजेची कामं आम्ही वीज गेल्यावर करतो. पंख्याची पाती पुसणं, होल्डर बदलणं, मिक्सर खोलून धुणं. लाइट जाणार असल्याचा निरोप मोबाइलवर येतो आणि घरोघर ही कामं त्या वेळेसाठी राखून ठेवली जातात. वीजच नाही म्हटल्यावर पिन कशाला काढायची? पिन काढणारा माणूस आमच्याकडे भित्रा समजला जातो.

त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट गेली होती. दुपारनंतर येणार होती.

"लाइट न्हाई तवर पेटीचं पाणी बदलून घे," दुकानात निघताना शिवराज म्हणाले. "किती गढूळ झालंय बघ."

"अप्पांची पूजा व्हायची आहे अजून."

"तू काय भाषण करायलीस का तिथं? गप पाणी बदल आन ये."

अप्पा पूजेला बसले होते. मी चप्पल बाहेर काढली. फिल्टरचं बटण बंद केलं, कारण लाइट आली आणि फिल्टर कोरडा चालला तर तो घरघरतो, पूजेत आवाज नको. हीटरचं बटण तसंच राहिलं. हीटर आवाज करत नाही.

नळीने अर्धं पाणी बादल्यांत काढलं आणि परसात नेऊन ओतलं. मधल्या वेळात लाइट आली. ठरल्यापेक्षा लवकर. ती आल्याचं घरात कुणालाच कळलं नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. दिवे-पंखे त्यावर चालतात, पेटीचं बोर्ड मात्र त्यावर नाही. इन्व्हर्टरच्या घरात वीज गेल्याचा पत्ता लागत नाही, तसा आल्याचाही लागत नाही. पाणी खाली गेल्यामुळे हीटर अर्धा उघडा पडला होता. तो तापत राहिला. मी ताजं पाणी आणून ओतलं. टक् असा बारीक आवाज आला. मला वाटलं, माझी बांगडी काचेला लागली. ती हीटरची तापलेली नळी गार पाण्याने तडकली होती.

हीटर थोडा कलला होता. तो सरळ करायला मी उजवा हात पाण्यात घातला.

पाण्याच्या आत

धक्का हा शब्द मला आता बरोबर वाटत नाही. धक्का बाहेर ढकलतो. मला कुणीतरी आतून धरलं. बोटं हीटरभोवती आपोआप मिटली आणि माझी उरली नाहीत. ओरडायला श्वास सोडावा लागतो, तो सुटेना. कानात एकच गुंजन होतं, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यावर ऐकू येतं तसं.

दुखलं का, असं लोक विचारतात. त्या वेळी दुखलं नाही. फार शांत वाटलं. पाण्यात उजेडाच्या पट्ट्या हलत होत्या. एक एंजल माझ्या मनगटाजवळून वळला, त्याचे लांब पर घडीच्या साडीसारखे उलगडले आणि मिटले. पेटीच्या काचेत माझ्यामागची खोली दिसत होती. अप्पा बसलेले. डाव्या तळहातावर लिंग. ते माझ्याकडे बघत होते. मी काचेतून त्यांच्याकडे बघत होते. किती वेळ, ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात काही सेकंद. माझ्या आठवणीत तिथे एक अख्खी दुपार आहे. ऊन भिंतीवरून सरकतंय आणि कुणालाही कुठे जायचं नाही.

मग काचेतले अप्पा उठले.

पुढचं मला सांगितलं गेलं आहे. अप्पांनी मला हात लावला नाही. लावला असता तर त्यांनाही तसंच धरलं असतं. त्यांनी कोपऱ्यातली शिसवी काठी घेतली, तिच्या वळलेल्या टोकात हीटरची वायर अडकवली आणि बोर्डातून उपटून काढली. मी फरशीवर पडले. अप्पा उंबऱ्यापर्यंत गेले आणि ओरडले. कित्येक वर्षांनी गल्लीने त्यांचा आडतीतला आवाज ऐकला.

मुडबीच्या रस्त्याने

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाताची जळालेली जागा बघितली आणि लगेच कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. चुकीच्या जागी स्वल्पविराम सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता.

"हात राहू द्या," ते म्हणाले. "हृदयाची लय चुकायली. आत्ता बरं वाटतंय, पण मशीनखाली ठेवावं लागेल. कलबुर्गीला न्या."

मी उठून बसले होते, बोलत होते, चहा मागत होते. म्हणून त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल असावं असं वाटलं. हे मुद्दाम लिहिते. धक्क्यानंतर माणूस उठून बसतो, हसतो, आणि घरचे म्हणतात, वाचली. तपासून घेतल्याशिवाय असं म्हणू नये.

गाडी मुडबीच्या रस्त्याने निघाली. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती. मी मागच्या सीटवर आडवी होते, त्यामुळे मला जमीन दिसत नव्हती, फक्त तुरीचे शेंडे आणि आभाळ. सगळं हिरवट पाण्यातून सरकत असल्यासारखं. शिवराज यांनी माझा डावा हात धरला होता.

"झोपू नको," ते म्हणाले.

"झोपत नाहीये. तूर बघायलेय."

"मीच म्हणलो तुला. पाणी बदल म्हणून मीच म्हणलो."

 तेव्हा शब्दापर्यंत पोचायला फार लांब जावं लागत होतं.

हिरवी रेघ

अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र यांत फरक नसतो. दिवे सारखेच असतात. माझ्या डोक्याजवळ पडद्यावर एक हिरवी रेघ चालायची. ती मधेच अडखळायची, एक उडी चुकायची, मग दोन लागोपाठ घ्यायची. तिच्याकडे बघू नका, असं नर्स सांगायची. दुसरं बघायला काही नव्हतं.

विभागाला काचेची भिंत होती. भेटायला आलेले लोक तिच्यापलीकडे उभे राहत. त्यांची तोंडं हलायची, आवाज यायचा नाही. पेटीतून बाहेर बघणाऱ्याला काय दिसत असेल ते मला तिथे कळलं. कन्नड, दखनी, तेलुगू, आपली मराठी, सगळ्या भाषा दारातून अर्ध्याच आत येत आणि एकमेकींत मिसळत. मी डोळे मिटून त्यांतून एखादा ओळखीचा शब्द वर येण्याची वाट बघायची. नीरु, पाणी, नीळ्ळु, तिन्ही पाण्याचीच नावं. बहुतेक वेळा पाणीच वर यायचं.

नर्स संतपूरची होती. तिचा मुख्य प्रश्न लघवीच्या रंगाबद्दल असायचा. विजेने आतले स्नायू दुखावले तर त्याचा भार मूत्रपिंडावर येतो म्हणून.

"च्यासारखी झाली की लगेच सांगा, मॅडम."

"कसला चहा? दुधाचा?"

"बिनदुधाचा. दुधाचा झाला तर मोठ्या डॉक्टरला बोलवावं लागंल."

त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. रेघ एकदम वर-खाली झाली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो.

भीती सारखी नसते. ती यायची आणि जायची. डोळा लागला की हात पाण्यात असायचा, बोटं मिटायला लागायची, आणि मी जागी व्हायचे. जागी झाल्यावर बोटं खरोखर मिटलेली असायची. मग ती डाव्या हाताने एकेक उघडायची. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट उघडताना काही जाणवायचं नाही. दुसऱ्याची बोटं उघडल्यासारखं वाटायचं.

हळूहळू रेघ सरळ चालायला लागली. तिला परत वाट सापडली, असं डॉक्टर म्हणाले. बोटांबद्दल मात्र ते जपून बोलले. "नस तिच्या तिच्या गतीने येते. कधी पूर्ण येते, कधी थोडी राहून जाते. वाट बघायची आणि हाताला काम द्यायचं."

रिकामा चौकोन

घरी आले तेव्हा पेटी नव्हती.

नणंद अफजलपूरहून आली होती. ती शिवराज यांची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणतात. उसाचा हंगाम चालू असताना ती घर सोडून आली होती, हे आधी लिहायला हवं, कारण पुढे तिचं बोलणं कडू वाटेल. तिने आल्या दिवशी पेटी रिकामी करून परसातल्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मासे शिवराज यांच्या एका मित्राकडे गेले. पूजेच्या खोलीत भिंतीशी फरशीचा एक चौकोन उरला होता, बाकी फरशीपेक्षा फिकट.

अप्पा पूजा करत. पूजा संपली की तिथेच बसून राहत. समोर चौकोन.

माझ्याशी ते बोलत नव्हते. मी खोलीशी गेले की नजर खाली घालत. जेवायला सगळ्यांबरोबर येणंही बंद केलं होतं. त्यांची पेटी माझ्यामुळे गेली, म्हणून राग असेल, असं मी धरून चालले होते.

भाऊ-बहिणीचं रोज वाजायचं.

"अप्पा वाळायलेत, अक्का. पेटी परत ठिवू. वायरिंग नीट करून घेऊ."

"तुझं डोकं ठिकाणावर हाय का? अप्पाचा जीव माशात अडकलाय आन तुझ्या बायकोचा जाता जाता राहिला. कोणता ठिवायचा, सांग."

"तसं कामून बोलायलीस?"

"मग कसं बोलू? मासे बघायचे तर आमच्या भीमेला चला म्हणावं. लई हायत. पिन बी लावावी लागत न्हाई."

अक्काने माझा हात मात्र मनावर घेतला होता. दवाखान्यातून व्यायामाचा रबरी चेंडू दिला होता. तो तिने कपाटावर ठेवून दिला आणि माझ्यासमोर ज्वारीच्या पिठाची परात ठेवली. पिठात पाणी ती ओतायची, कारण मला तेव्हा तांब्यालाही हात लावता येत नव्हता. नळाखाली हात धरला की दंडापर्यंत काटा यायचा. अंघोळीच्या वेळी अक्का दाराबाहेर पाटावर बसून राहायची आणि आतून आवाज आला नाही की हाक मारायची.

"भाग्यश्री, हाईस का?"

"हाय, अक्का."

"मग पाणी ओतल्याचा आवाज कामून येत न्हाई? गप बसून बादलीकडं बघू नको. ओत."

मी ओतायचे.

अप्पा म्हणाले

एका दुपारी मी पीठ मळत होते. अक्का शेजारी गेली होती. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी उठायला लागले, त्यांनी हाताने बस म्हटलं. ते परातीकडे बघत होते.

"मी बघत होतो," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"तू उभी होतीस. हात पाण्यात. मी बघत होतो. मला वाटलं, तू मासे बघायलीस."

परातीतला माझा हात थांबला.

"किती येळ गेला कुणाला ठाव. पूजा चालू होती, म्हणून हाक मारली न्हाई. न्हाईतर मारली असती. काय करायलीस म्हणून इचारलं असतं. तू बोलली नसतीस तर कळलं असतं."

"अप्पा, तुम्हीच वायर काढलीत."

"उशिरा काढली."

ते गेले. संध्याकाळी अक्काकडून मला आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवशी अप्पा पूजेतून उठले ते लिंग डाव्या मुठीत तसंच धरून. एका हाताने काठी चालवली. कलबुर्गीहून शिवराज यांचा फोन येईपर्यंत ती मूठ उघडली नव्हती. उघडली तेव्हा तळव्यावर लिंगाचा गोल वळ उठला होता.

तो चौकोन त्यांना रोज काय सांगत होता ते मला त्या दिवशी समजलं. पेटी हलवल्याने माझं रक्षण झालं होतं, पण अप्पांना ती शिक्षा वाटत होती, आणि घरात कुणी तसं म्हणत नव्हतं म्हणून ती मागेही घेता येत नव्हती. पेटी परत यायला हवी होती. ती परत आणून काही होणार नव्हतं, जर मी तिच्यापासून लांब राहिले असते. अप्पांच्या समोर, त्याच जागी उभं राहून, हात पाण्यात घालावा लागणार होता. आणि मला अजून तांब्याची भीती वाटत होती.

तिसरा छेद

पेटी परत ठेवायची, असं मीच शिवराज यांना सांगितलं. वायरमन मैनुद्दीन आमच्या घरी वर्षानुवर्षं येतो, त्याला बोलावलं. त्याने पूजेच्या खोलीतलं बोर्ड उघडलं आणि हसला.

"भाबी, यो तिसरा छेद खाली दिखाने का है. पीछे वायरच नै."

"मग तू बसवतानाच का नाही जोडली?"

"सेठ बोले थे ना, दो वायर में चला, खर्चा नक्को."

"माझ्यावर कामून ढकलायलास, मैनूभाई?" शिवराज म्हणाले. "तू सांगायचं होतं की."

"सांगितलं होतं. तुमी बोले, आधी टीव्ही लाव, मॅच है."

शिवराज यांना तो सामना आठवत होता. 

तीन भोकांच्या बोर्डामागे तिसरी, जमिनीत जाणारी, वायर असतेच असं नाही, हे तपासून घ्यावं. मैनुद्दीनने परसात खड्डा घेऊन अर्थिंग केलं आणि घराच्या मुख्य बोर्डात एक नवं स्विच बसवलं. वीज कुठे गळायला लागली तर ते डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं बंद करतं. त्यावर एक छोटं बटण आहे, ते अधूनमधून दाबून स्विच पडतं का ते बघायचं. "अब बिजली पूछ के आयेगी," तो म्हणाला. पेटीच्या वायरी त्याने आधी खाली लोंबत्या वळशाने सोडल्या आणि मग वर बोर्डात नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं, बोर्डात शिरत नाही. नवा हीटर आणला, लाल दिवा खोलीकडे तोंड करून बसवला. आणि पिना सगळ्यांना दिसतील अशा उंचीवर घेतल्या. पाण्यात हात घालायचा असेल तर पिना काढून वरच्या फळीवर ठेवायच्या. लाइट असो वा नसो. बटण बंद करणं पुरेसं नाही, आणि लाइट गेली आहे हे तर मुळीच पुरेसं नाही.

अक्का हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. "इतकं करून बी पाण्यात हात घालणार कोण?" तिने विचारलं.



उंबऱ्याशी

पेटी चौकोनावर बसली. पाणी भरलं. मासे मित्राकडून परत आले, थोडे मोठे होऊन. सकाळचं ऊन पेटीतून भिंतीवर गेलं आणि भिंत पुन्हा हलायला लागली.

अप्पांची पूजा संपली होती. पिना फळीवर होत्या. त्या मी स्वतः काढून ठेवल्या होत्या आणि दोनदा बघितल्या होत्या. पेटीत शिवराज यांनी आणलेली एक पाणवेल मुळाशी निसटून वर तरंगत होती. ती दगडाखाली खोचायची होती. एवढंच काम होतं.

मी बाहेर चप्पल काढली आणि उंबऱ्याशी उभी राहिले. फरशी पुसलेली होती, ओली. सवय कुणाची मोडली नव्हती. तळव्यांना तिचा गारवा इकडूनच जाणवला आणि उजव्या हाताची बोटं मिटायला लागली. मला पुढे जाता येईना.

अप्पा बसल्या जागेवरून बघत होते. ते उठले, माझ्या बाजूने बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना बघवत नाही म्हणून गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात नव्या रबरी चपलांचा जोड होता. जाड तळाचा, निळ्या पट्ट्यांचा. बाजारात जाऊन कधी आणला होता, कुणाला माहीत नव्हतं. ते उंबरा ओलांडून आत गेले, पेटीसमोर वाकले आणि चपला फरशीवर नीट जोडून ठेवल्या.

दारात अक्का येऊन उभी होती. 

"घाल," अप्पा म्हणाले.

"अप्पा, इथं?"

"इथंच. घाल म्हणलं की."

मी आत गेले. चपला पायांत घातल्या. माझ्या पायांना त्या जरा मोठ्या होत्या. अप्पा त्यांच्या जागेवर जाऊन बसले. काचेत मला ते दिसत होते, त्या दिवशी दिसले होते तसेच, फक्त आता त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

मी हात पाण्यात घातला. तीन बोटांना पाणी कोमट लागलं. उरलेल्या दोन बोटांना काहीच लागलं नाही. एक एंजल जवळ आला, त्याने त्या दोन बोटांपैकी एकाला तोंड लावलं असावं. ते मला दिसलं, जाणवलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"भाग्या," मागून अप्पांचा आवाज आला. "काय करायलीस?"

"मासे बघायलेय, अप्पा."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. करंगळी अजून पूर्ण आलेली नाही. गरम-गार तिला उशिरा कळतं. पेटीचं पाणी मीच बदलते, सकाळी, अप्पांची पूजा चालू असताना, कारण तेव्हा ऊन असतं. चपला खोलीतच असतात. लिंग तळहातावर असतं, नजर त्यावर असते, आणि मधेच, नजर न उचलता, अप्पा विचारतात. मी उत्तर देते. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात.